लॅबमधून आधी कोणी उठायचं?

पारदर्शक_छत्री | ४ डिसेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत असतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा पुण्याचा. मेटलर्जी केलं, मग हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केली (तिथे धातूशी संबंध फक्त जेवणाच्या डब्यापुरता). मग मेक्स्ट, म्हणजे जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरात कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात येऊन पडलो. सहा महिने 'केनक्यूसेई', म्हणजे संशोधन-विद्यार्थी या नावाखाली अर्धवट लटकलेला होतो. या एप्रिलपासून मास्टर्सचं पहिलं वर्ष, इकडच्या भाषेत एम-वन.

आमच्या लॅबमध्ये चौदा पोरं. कागदावर कोअर टाइम दहा ते पाच. प्रत्यक्षात सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, साडेसात-आठला निघतात आणि तोवर कोणी जागचं हलत नाही. ते गेले की पाच मिनिटं सगळं चिडीचूप. मग डी-थ्री, म्हणजे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाचा उठतो, मग डी-वन, मग एम-टू, असं उतरंडीनं. माझा नंबर लागून घरी पोचेपर्यंत दहा वाजतात.

बरं, एवढा वेळ सगळे काम करतात म्हणावं, तर तसंही नाही. माझ्या शेजारचा डी-टू टॉवेलची घडी डोक्याखाली घेऊन टेबलावरच रीतसर झोपतो. समोरचा चौथ्या वर्षाचा मुलगा स्क्रीनच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या खिडकीत मासे पकडण्याचे व्हिडिओ बघतो. कॉरिडॉरमध्ये सेन्सेईंच्या सपातांचा आवाज आला की मासा गायब, आलेख हजर. माझं काम बहुतेक दिवशी सहाला आटपतं. त्यापुढे मी एकाच पेपरातला एकच परिच्छेद वाचत बसतो. पुण्यात आमचे प्रोजेक्ट गाइड वर्षातून दोनदा दिसायचे, तेही सहीपुरते आणि जिन्यात. इथे उलटी गंगा.

दोन प्रश्न आहेत. सगळीकडे असंच असतं का? आणि नोकरीतही हेच असतं का? कारण मार्चपासून आमच्या बॅचची 'शूकात्सु', म्हणजे नोकरी शोधायची मोहीम अधिकृतपणे सुरू होईल. त्यात उतरायचं की डिग्री घेऊन परत यायचं, हे त्याआधी ठरवायला हवं.

(खोलीत अंगावर दोन स्वेटर घालून टाइप करतोय. शुद्धलेखन माफ.)

टवाळ_पोपट | ४ डिसेंबर, रात्री ११:०४

मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आमच्या कॉलेजात सरांच्या आधी कोणी उठायचा प्रश्नच नव्हता. सर यायचेच नाहीत.

बापू_सातारकर | ५ डिसेंबर, सकाळी ८:१५

छत्रीराव, दुरून डोंगर साजरे. इकडे काय वेगळं चाललंय? रात्री साडेदहाला अमेरिकेचा कॉल, साडेअकराला मॅनेजरचा 'क्विक सिंक', सकाळी नऊला पुन्हा स्टँडअप. फरक एवढाच की जपानी माणूस सूट घालून बसतो, आपण वर शर्ट आणि खाली लेंगा. तुमचे सेन्सेई निदान स्वतः आठपर्यंत बसतात. आमचे साहेब 'यू गाइज कॅरी ऑन' म्हणून सहाला जिमला जातात.

जुनी_हांको | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

मी चौदा वर्षं तोक्योत आहे, आयटीत. घर निशि-कासाईला. म्हणजे तुमच्या भाषेत 'तिकडे सगळे आपलेच' त्या भागात.

छत्री, तुला एक वाक्य कोणी शिकवलं नाही का? 'ओ-साकी नि शित्सुरेई शिमासु.' तुमच्या आधी निघतो, आगाऊपणाची माफी असावी, असा काहीसा अर्थ. उभं राहायचं, खुर्ची आत सारायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं हे म्हणायचं. उत्तर येतं, 'ओत्सुकारेसामा देसु.' दमलात हो, असं. झालं. हे म्हटलं की तू गेलास, ते रीतीत बसलं. न बोलता बॅग उचलून मांजरीसारखा सटकलास, तर मात्र ते लोक दोन वर्षं लक्षात ठेवतील.

मी पहिल्या कंपनीत लागले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी साडेसहाला पर्स काखोटीला मारून 'बाय' करायची. तीन महिन्यांनी एका सेनपाईनं, म्हणजे सीनियरनं, जेवायला नेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला आमचा काही राग आला आहे का?"

नोकरीचं म्हणशील तर माझ्या डोळ्यांदेखत पुष्कळ बदललं. मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून जादा कामाच्या तासांवर कायद्यानं मर्यादा आली, लहान-मध्यम कंपन्यांना त्यानंतर वर्षभरानं. साधारण महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०. फारच खास कारण असेल तरी वर्षाला ७२०. शिवाय वर्षातली पाच दिवस भरपगारी रजा माणसानं घेतलीच पाहिजे, आणि ती घेतली जाते की नाही हे कंपनीनं बघायचं. लोक रजाच घेत नाहीत म्हणून मालकाला कायद्यानं दटावावं लागलं, यातच काय ते समज.

आमच्याकडे रात्री आठला मजल्यावरचे दिवे आपोआप जायचे. पहिल्या आठवड्यात सगळे घरी गेले. दुसऱ्या आठवड्यात टेबललॅम्प आले.

टवाळ_पोपट | ५ डिसेंबर, दुपारी १:४१

टेबललॅम्प :हहपुवा:

अभ्यासू_आळशी | ५ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

मी होक्काइदोत पीएचडी केली, जीवशास्त्रात. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

'नुसते बसतात' हे पहिल्या वर्षी मलाही वाटायचं. मग लक्षात आलं की आपल्याकडे शिकवायचं काम सरांचं असतं, तिकडे ते सेनपाईचं असतं. सेन्सेई आठवड्याच्या झेमीत, म्हणजे लॅबच्या बैठकीत, तुमच्या स्लाइडकडे बघून "हम्म्" म्हणतात. त्या 'हम्म्'चा अर्थ सेनपाई सांगतो. आणि तो दिवसा सांगत नाही, कारण दिवसा त्याचे स्वतःचे प्रयोग चालू असतात. मी पेशी गोठवायची खरी युक्ती एका एम-टूकडून रात्री साडेआठला शिकलो, कपातले नूडल्स खाता खाता. ती कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेली नव्हती. नळ्यांचा डबा फ्रीजरमध्ये कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा, एवढीच होती. त्यावर माझे दोन महिने वाचले.

आणखी एक. चौथ्या वर्षाचं ते मासेवालं पोरगं आत्ताच लॅबमध्ये आलेलं असणार. तिकडे बॅचलर्सच्या शेवटच्या वर्षी लॅब मिळते. तोवर त्यांनी क्लब, बाइतो (पार्टटाइम काम) आणि झोप एवढंच केलेलं असतं. आपल्याकडे बारावीपर्यंत रगडतात आणि कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतात, ते गणित तिथेही फार निराळं नाही.

तेव्हा बसायचंच तर झोपलेल्या डी-टूला उठवून काहीतरी विचार. काम नसेल तर हांकोताईंचं वाक्य म्हणून चालू पड. तिसरा प्रकार, म्हणजे तोच परिच्छेद अकरा वेळा वाचणं, तो सोड.

बापू_सातारकर | ५ डिसेंबर, रात्री ९:०२

आळशीभाऊ, म्हणजे शिकवणी रात्री साडेआठनंतर सुरू होते आणि ती मिळावी म्हणून दिवसभर हजेरी लावायची? ही गुरुकुलाची पद्धत झाली. लाकडं फोडा, पाणी भरा, मग गुरुजी प्रसन्न. ज्याला घरी लहान मूल आहे, म्हातारे आईवडील आहेत, त्यानं ती फ्रीजरची युक्ती कधी शिकायची?

अभ्यासू_आळशी | ५ डिसेंबर, रात्री ९:१०

मुद्दा बिनतोड आहे बापू. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, सडाफटिंग होतो.

पेरूची_फोड | ६ डिसेंबर, सकाळी ११:४५

बापूंना उत्तर. आमच्या लॅबमध्ये एक पोस्टडॉक बाई आहे. मुलाला 'होइकुएन'मधून, म्हणजे पाळणाघरातून आणायचं असतं म्हणून पाच वाजून पाच मिनिटांनी उठते. कोणाच्या कपाळावर आठी नसते. पण मला मावळत्या उन्हात सायकल चालवायची आहे म्हणून मी पाच वाजून पाच मिनिटांनी उठले, तर वातावरण जरासं गार होतं. जायला हरकत नाही. विनाकारण जायला आहे.

बापू_सातारकर | ६ डिसेंबर, सकाळी ११:५८

मग सायकलीला पाळणाघरात घाला.

नागपूरची_संत्री | ६ डिसेंबर, रात्री ११:३०

सगळं वाचलं. मंडळी, तुम्ही शिष्यवृत्तीवाले आहात. महिन्याला एक लाख ४४ हजार येन खात्यात येतात, फी माफ, आणि दुःख काय, तर लॅबमध्ये उशिरापर्यंत बसावं लागतं. माझ्यासारख्यांचं जपान निराळं होतं, तेही धाग्यावर यावं म्हणून लिहिते.

मी नागपूरहून एजंटामार्फत भाषेच्या शाळेत गेले. वर्षाची फी सात-आठ लाख येन, वर वसतिगृह. घरून पहिल्या सहा महिन्यांचे पैसे आणले होते. पुढचं 'तिथे पार्टटाइम करून निघतं' असं एजंट म्हणाला होता. विद्यार्थ्याला काम करायला वेगळी परवानगी लागते, तिचा शिक्का रहिवासी कार्डाच्या मागे असतो. आठवड्याला २८ तास, त्यावर एक मिनिट नाही. मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तास चालतात. पचिंको (जुगाराची यंत्रं) पार्लर, बार वगैरे वर्ज्य. आता तुम्हीच आकडेमोड करा. २०२४ च्या ऑक्टोबरात तोक्योतलं किमान वेतन ताशी ११६३ येन झालं. माझ्या वेळी त्याहून कमीच होतं.

पहिलं काम बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात, रात्रपाळी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, फक्त डोळे उघडे. पट्ट्यावरून डबे येतात आणि प्रत्येकानं एकच पदार्थ ठेवायचा. मी चार महिने लोणच्याची पिवळी चकती ठेवली. भाताच्या उजव्या कोपऱ्यात, जरा तिरकी. डाव्या बाजूला एक नेपाळी मुलगी होती, उजवीकडे व्हिएतनामी. आम्हा तिघींची समान भाषा म्हणजे मोडकी जपानी. सकाळी सहाला सुटून नऊच्या वर्गात बसायचं. वर्गातही झोप यायची, पण शिक्षक उठवायचे नाहीत, नुसती खडूनं खूण करायचे.

दुसरं काम कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात. तिथला मालक माणूस म्हणून चांगला होता, पण 'दहा मिनिटं आधी येऊन गणवेश घालायचा' ती दहा मिनिटं पगारात नसत. महिन्याचे किती झाले, करा हिशेब. आणि मुदत संपलेले डबे स्कॅन करून फेकायचे. मी स्वतः कधीकाळी ठेवलेली लोणच्याची चकती स्वतःच कचऱ्यात टाकली असणार.

पण भाषा? ती शाळेत नाही, त्या गल्ल्यावर शिकले. दोन वर्षांत एन-टू, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी, पास झाले. आज पुण्यात एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. म्हणून शिव्याही देत नाही आणि गोडवेही गात नाही.

जुनी_हांको | ७ डिसेंबर, सकाळी ७:१०

संत्री, दंडवत. या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

डोंबिवलीच्या_काकू | ७ डिसेंबर, सकाळी १०:२२

माझा मुलगा तिकडे तीन वर्षं आहे. व्हिडिओ कॉलवर असताना मध्येच ऑफिसचा फोन आला तर उठून भिंतीकडे बघून वाकतो. समोरच्याला दिसत नाही रे, म्हटलं. तर म्हणतो, आवाजात कळतं.

एकदा त्याची गाडी उशिरा आली. स्टेशनवर उशिराचा दाखला वाटतात म्हणे, ऑफिसात दाखवायला. मी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, मध्य रेल्वेनं असे दाखले द्यायचे ठरवले तर कागदाची मिल डोंबिवलीतच काढावी लागेल.

टवाळ_पोपट | ७ डिसेंबर, सकाळी १०:३०

काकू, लॅमिनेट करून द्यायचा. कायमचा.

चाकणचा_साचा | ७ डिसेंबर, दुपारी ४:०५

नोकरीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी चाकणला एका जपानी कंपनीत होतो, मग दीड वर्ष त्यांच्या आइचीतल्या कारखान्यात. नाव नको.

तिथे पहिल्या दिवशी 'होरेन्सो' शिकवतात. होकोकु, रेनराकु, सोदान. म्हणजे अहवाल द्या, कळवा, सल्ला घ्या. तिन्हीची आद्याक्षरं जोडली की जपानीत पालक होतो, भाजीतला. मी मनात म्हटलं, हा काय बालवाडीचा प्रकार! पण मार खाल्ला तो नेमका तिथेच.

एका साच्याला तडा गेला होता. सोमवारी कळलं. आपला मराठी बाणा: बघतो, करतो, गुरुवारपर्यंत नीट करून देतो, साहेबांना कशाला डोक्याला ताप? "होईल ना?" असं त्यांनी मंगळवारी विचारलं, मी "होईल" म्हणालो. गुरुवारी नाही झालं. साहेब ओरडले नाहीत. कागद घेतला, त्यावर सोमवार ते गुरुवार अशी रेघ ओढली आणि सोमवारवर बोट ठेवून म्हणाले, "हे मला इथे कळलं असतं, तर दुसरा साचा बुधवारी आला असता." साचा तडकल्याचा राग त्यांना नव्हताच. माझ्या गप्प बसण्याचा होता. आपल्याकडे अडचण सांगणं म्हणजे कमीपणा. तिकडे लपवणं म्हणजे गुन्हा.

आता उलटी बाजू. तिकडे ते 'हो' म्हणतात तेव्हा तो होकार नसतो. 'हाय' म्हणजे ऐकलं, इतकंच. 'विचार करतो' म्हणजे नाही. 'चोत्तो...' म्हणून दातांतून हवा ओढली, तर विषय संपला, सामान गुंडाळा. आणि मीटिंगमध्ये काही ठरतं या भ्रमात राहू नका. जे ठरायचं ते आधी एकेकाच्या टेबलाशी जाऊन ठरलेलं असतं. त्याला 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलवायच्या आधी मुळांभोवती माती मोकळी करतात, ते. मी एकदा भर मीटिंगमध्ये नवी सूचना मांडली. पुढची चाळीस सेकंदं अजून आठवतात.

बापू_सातारकर | ७ डिसेंबर, दुपारी ४:४०

नेमावाशी आपल्याकडेही असते की. सोसायटीच्या वार्षिक सभेआधी जिन्यात होते ती.

शेंगदाण्याची_चटणी | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

अवांतर: डिसेंबरात सुट्टीला पुण्यात आले आहे. परत जाताना लॅबसाठी 'ओमियागे' न्यायचं आहे, गावाला गेलं की सगळ्यांना खाऊ आणायचा असतो ना. गेल्या वेळी चितळ्यांची बाकरवडी नेली आणि फजिती झाली. काय न्यावं?

पेरूची_फोड | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३१

बाकरवडी एका पाकिटात मोकळी होती म्हणून फजिती! तिकडे प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात हवा. टेबलावर डबा ठेवायचा, प्रत्येकानं एक उचलायचं, हवं तेव्हा खायचं. उघड्या पाकिटात हात घालायला कोणी धजावत नाही. माझी बाकरवडी तीन दिवस टेबलावर अनाथासारखी पडून होती. मग मी शंभर येनच्या दुकानातून छोट्या झिपच्या पिशव्या आणल्या, चार-चार भरल्या, वर प्रत्येकाचं नाव चिकटवलं. दुपारपर्यंत फस्त. सेन्सेई दुसरी पिशवी मागायला स्वतः आले.

अभ्यासू_आळशी | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

आणि तिखट आहे की नाही ते आधी सांगा. 'थोडंसं' म्हणू नका. आपलं थोडंसं त्यांना रडवतं.

शेंगदाण्याची_चटणी | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

म्हणजे माझं सदस्यनाम नेता येणार नाही.

भोळा_शाकाहारी | ७ डिसेंबर, रात्री ८:४४

खाण्यावरून निघालंच आहे तर: "मांस नाही ना यात?" विचारलं की "नाही" म्हणतात आणि सॅलडवर बेकनचे तुकडे असतात. मासा तर त्यांच्या हिशेबी मांसात धरतच नाहीत. साध्या दिसणाऱ्या सुपात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस उकळलेला असतो. मी पहिलं वर्ष उमेबोशीच्या ओनिगिरीवर काढलं. भाताच्या गोळ्यात आंबट खारवलेलं फळ. डोळे मिटून खाल्लं तर लोणचं-भात.

पारदर्शक_छत्री | ७ डिसेंबर, रात्री ११:१५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

हांकोताई, ते वाक्य मला माहीत होतं, पण ते सगळ्यात आधी निघणाऱ्यानं म्हणायचं असतं हे डोक्यात आलं नाही. आमच्याकडे आधी कोणी निघतच नाही! संत्रीताई, तुमचं वाचून खरंच खजील झालो. आमच्या लॅबच्या खालच्या कोंबिनीत रात्री एक मुलगा असतो, त्याच्या नावाच्या पट्टीकडे आज पहिल्यांदा बघितलं.

आळशीकाका, उद्या डी-टूला उठवायचा बेत आहे. शूकात्सुबद्दल कोणी सांगेल का?

अभ्यासू_आळशी | ७ डिसेंबर, रात्री ११:२०

काका?? मी चौतीसचा आहे.

जुनी_हांको | ८ डिसेंबर, दुपारी १२:५०

शूकात्सु. ऐक.

तारखा कागदावर अशा: १ मार्चला कंपन्या माहिती द्यायला लागतात, १ जूनपासून मुलाखती, १ ऑक्टोबरला 'नाइतेई' म्हणजे नोकरीचं रीतसर पत्र, आणि त्यापुढच्या १ एप्रिलला सगळे एकदम रुजू. प्रत्यक्षात पुष्कळ कंपन्या आधीच हात मारतात, त्यामुळे मार्चची वाट बघत बसू नकोस. उन्हाळ्यातली इंटर्नशिप तू हुकवली आहेस, हिवाळ्यातली बघ. सगळ्यांचे तेच काळे सूट, त्याच काळ्या बॅगा. मार्चमध्ये तोक्योच्या मेट्रोत शिरलास तर कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखं वाटेल.

आधी एंट्री शीट, म्हणजे कंपनीचा अर्ज भरायचा. विद्यार्थिदशेत सर्वात जास्त जीव ओतून काय केलं, हा प्रश्न नक्की. मग एसपीआय नावाची चाचणी, भाषा आणि गणित. गणितात तू लोळवशील, भाषेत ती तुला. एन-वन नसेल तरी निदान एन-टू हवं. ती परीक्षा वर्षातून दोनदाच असते, जुलै आणि डिसेंबर. परवाची दिली असशील अशी आशा.

आणि आपल्या कॅम्पस प्लेसमेंटशी तुलना करायची तर, तिकडेही डिग्रीचा विषय फारसा बघत नाहीत. इतिहासवाल्याला घेऊन प्रोग्रॅमर करतात, सहा महिने पगार देऊन शिकवतात. तुझं इंजिनिअरिंग आहे म्हणून थोडं वेगळं: सेन्सेईंची शिफारस चालते. म्हणजे आठपर्यंत बसलेलं कुठेतरी कामी येतं, हे बापूंना आवडणार नाही.

पगार बघताना एक लक्षात ठेव. शहराचा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो, म्हणून पहिल्या वर्षी जवळजवळ लागत नाही. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगार अचानक कमी हातात येतो आणि पोरं मला फोन करून विचारतात, ताई, माझं काही चुकलं का?

टवाळ_पोपट | ८ डिसेंबर, दुपारी १:०५

इतिहासवाला प्रोग्रॅमर? आमच्या मेकॅनिकलच्या अर्ध्या वर्गानं जावा शिकून हेच केलं. फक्त आम्हाला बाँडही लिहून द्यावा लागला.

चाकणचा_साचा | ८ डिसेंबर, दुपारी २:१०

बाँडवरून आठवलं. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड. तिकडे नागरी कायद्याप्रमाणे कायम नोकरीतला माणूस दोन आठवड्यांची सूचना देऊन मोकळा होऊ शकतो. पण तोंडावर 'जातो' म्हणायचं इतकं अवघड की राजीनामा देऊन देणाऱ्या एजन्स्या निघाल्या आहेत. पैसे भरा, तुमच्या वतीनं ते फोन करतात.

बापू_सातारकर | ८ डिसेंबर, दुपारी २:२५

हा धंदा हिंजवडीत काढला तर? मी अर्धे पैसे घालतो.

नागपूरची_संत्री | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

छत्री, खजील वगैरे होऊ नको रे. तुझा प्रश्न खरा आहे, माझा वेगळा होता इतकंच.

तू कान्साईत आहेस तर एक रविवार काढून कोयासानला, त्या बौद्ध मठांच्या डोंगरावर जा. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई लाइननं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. मी नोव्हेंबरात गेले होते. पाइनची झाडं, धुकं, आणि समोर बाबासाहेब. दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत वाढलेली मी, तिथे अर्धा तास एकटी उभी होते.

पारदर्शक_छत्री | १३ डिसेंबर, रात्री ९:५५

अपडेट.

मंगळवारी डी-टूला उठवलं. म्हणजे तो स्वतःच उठला, मी फक्त तयारीत होतो. माझ्या नमुन्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो तीन आठवडे ओरखड्यांनी भरलेले येत होते. त्यानं एक नमुना बोटात धरला, दिव्याखाली तिरका केला आणि विचारलं, पॉलिशचं कापड कधी बदललंस? मी म्हटलं, बदलायचं असतं? तो काही बोलला नाही. ड्रॉवरमधून नवं कापड काढून दिलं. बुधवारी फोटो आरशासारखे. आळशीदादा (दादा!), तुमचे उपकार.

गुरुवारी साडेसहाला उठलो. खुर्ची आत सारली. छाती अशी धडधडत होती की दहावीच्या निकालाला धडधडली नव्हती. 'ओ-साकी नि शित्सुरेई शिमासु' म्हटलं. चौदा डोकी स्क्रीनवरून न हलवता, कोरसमध्ये, 'ओत्सुकारेसामा देसु'. सेन्सेईंचं दार उघडंच होतं, त्यांनीही आतून म्हटलं. संपलं! चौदा महिने ज्याला घाबरलो ते चार सेकंदांत उरकलं.

शुक्रवारी सकाळी डी-थ्रीनं हळूच येऊन विचारलं, काल तब्येत बरी नव्हती का?

जुनी_हांको | १३ डिसेंबर, रात्री १०:०३

चौदा डोकी? तुला धरून चौदा ना?

पारदर्शक_छत्री | १३ डिसेंबर, रात्री १०:०६

तेरा. एवढा घाबरलो होतो.

डोंबिवलीच्या_काकू | १३ डिसेंबर, रात्री १०:२०

शाब्बास. मग लवकर घरी जाऊन काय केलंस? नीट स्वयंपाक केलास का?

पारदर्शक_छत्री | १३ डिसेंबर, रात्री १०:३१

काकू, खिचडी लावली. पण खोलीत इतकी थंडी की कुकरला मिठी मारून बसलो. भिंती पुठ्ठ्यासारख्या आहेत आणि एसीचा हीटर लावला की विजेचं बिल बघवत नाही. पावणेआठला लॅपटॉप घेऊन परत लॅबमध्ये गेलो, तिथे छान उबदार असतं. डी-टू जागा होता. म्हणाला, तूपण? त्याच्या खोलीत तर हीटरच नाहीये. आणि मासेवाला घरातलं इंटरनेट बंद करून बसलाय, पैसे वाचवायला.

बापू_सातारकर | १३ डिसेंबर, रात्री १०:३४

म्हणजे माझे दहा दिवसांचे सगळे प्रतिसाद हीटरच्या बिलावर चालले होते!

शेंगदाण्याची_चटणी | १३ डिसेंबर, रात्री १०:४०

सेन्सेईंना विचार, त्यांच्या घरी हीटर आहे का.